खंडेनवमीची कांडी

त्रिशला मगदूमनं सकाळपासून तिसऱ्यांदा फोन लावला आणि तिसऱ्यांदाही दादानं तो उचलला नाही. बीजिंगच्या हॉटेलातल्या त्या खोलीत हीटर चालू होता, तरी तिची बोटं गार पडली होती. इथं साडेनऊ वाजलेले, म्हणजे इचलकरंजीत सात. दादा पहाटे पाचला उठणारा माणूस. सातला फोन न उचलायला त्याला धाड भरलीय काय?

चिडून असं मनात म्हटलं खरं, आणि लगेच तिचा जीव खाली-वर झाला. आज बंदीचा चौदावा दिवस होता.

ही बंदी कसली आणि ती कुणाच्या जिवावर उठली होती, हे सांगितल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही.

माणसाची मूत्रपिंडं बंद पडली की रक्तातला युरिया काढून टाकायला हॉस्पिटलातलं मशीन लागतं, आणि त्या मशीनला एका बैठकीला शंभरावर लिटर शुद्ध पाणी लागतं. रक्तातली घाण घेतलेलं पाणी फेकायचं, नवं आणायचं. तेच पाणी जागच्या जागी स्वच्छ करून पुन्हा फिरवलं तर? तर तीन लिटरात काम भागतं आणि अख्खं यंत्र कमरेच्या पट्ट्यावर मावतं. त्रिशला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई. तिनं साध्या सुताच्या धाग्यावर दोन थर चढवले. एक थर युरिया फोडणाऱ्या एन्झाइमचा. दुसरा, युरिया फुटल्यावर जो विषारी अमोनिया निघतो त्याला धरून ठेवणारा. धागा नुसता पाण्यात सोडला की झकास काम करायचा. नळकांड्यात गुंडाळून भरला की दोन तासांत बोंब. कारण पाणी महाआळशी. गुंडाळीत कुठं सरळ फट सापडली की ते सगळं तिथूनच पळतं, बाकीच्या धाग्याला शिवतसुद्धा नाही.

हे कोडं सोडवलं हौसाक्कानं. हौसाक्का भंडारे म्हणजे त्रिशलाच्या थोरल्या भावाच्या, भरतेशच्या, यंत्रमागाच्या कारखान्यात चाळीस वर्षं कांड्या भरणारी बाई. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची जी लहानशी गुंडाळी बसते ती कांडी. चाळीस वर्षांत हौसाक्काचा ना हात कधी चुकला, ना मोजणी. तिनं त्रिशलाचं नळकांडं उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "ह्ये कुणी भरलंय गं? हातात जीव न्हवता काय त्येच्या?"

मग तिनं स्वतः भरून दाखवली. पाण्याला सरळ वाट म्हणून सापडेना. धाग्याच्या प्रत्येक फेऱ्याला घासूनच पुढं जावं लागलं. दोन तासांत दम तोडणारी कांडी दोन दिवस चालली.

पेटंटवर दोघींची नावं लागली. डॉ. त्रिशला मगदूम आणि श्रीमती हौसाबाई भंडारे. भरतेशनं त्या सर्टिफिकेटाची फ्रेम करून घेतली आणि हौसाक्काच्या घरी जाऊन स्वतः खिळा ठोकून भिंतीला लावली. "आख्ख्या देशात एका तरी कांडीवालीचं नाव पेटंटावर आहे काय?" असं जो भेटेल त्याला विचारायचा. त्याला स्वतःला तर ती कांडी जगवत होती. सात वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं गेली, मग सुया टोचून टोचून दोन्ही हातांच्या शिरा संपल्या. मोठ्या मशीनला रक्ताचा जोराचा ओघ लागतो, तो आता त्याच्या अंगातून मिळत नव्हता. पोटात पाणी सोडून करायचा उपायही त्याला चालला नाही. कमरेच्या यंत्राला मानेतली एक बारीक नळी पुरायची. अशी शिरा संपलेली, दुसरा उपाय न उरलेली दोनशे अकरा माणसं महाराष्ट्र-कर्नाटकात या कांडीवर होती. दोनशे अकरावा तो.

धाग्यावर थर चढवायचं काम चीनमधल्या किनाऱ्यावरच्या एकाच कारखान्यात व्हायचं, म्हणून कांड्याही तिथंच भरून यायच्या. आणि तिथंच घात झाला. एका चिनी कंपनीकडं हुबेहूब याच गुंडाळीचं पेटंट निघालं, अर्ज त्रिशलाच्या तीन महिने आधीचा. चीनमध्ये काय, आपल्याकडं काय, पेटंटात आधी अर्ज करणारा जिंकतो. आठ महिने खटला चालला. त्रिशला 'चोरी, चोरी' म्हणून ओरडत होती, पण चोरी सिद्ध करायला आणखी दोन वर्षं लागणार होती. आणि चौदा दिवसांपूर्वी समोरच्यांच्या मागणीवरून कोर्टानं कांड्या बनवायला आणि देशाबाहेर न्यायला मनाई केली. तयार तीन हजार कांड्या बंदरातल्या शीतगृहात सील होऊन पडल्या. घरी कांडी तीन आठवड्यांपलीकडं टिकत नाही, त्यामुळं साठा कुणाकडंच नव्हता. प्रत्येकाकडं फार तर दहा कांड्या, म्हणजे वीस दिवस. त्यातले चौदा गेले होते.

चौथ्या वेळी फोन उचलला गेला. आवाज हौसाक्काचा.

"अक्का? तुम्ही? दादा कुठाय?"

"हाय इथंच. झोपलाय."

"सातला?"

 हौसाक्काला राहवलं नाही. "पोरी, तुला सांगू नगा म्हणून शपथ घातलीया त्येनं. पर मी आता न्हाई गप बसायची. तोंड सुजलंय, पाय सुजल्यात. उताणं झोपता येत न्हाई, दम लागतोय. त्यो कांडी लावत न्हाई गं."

"लावत नाही म्हणजे? दहा होत्या ना त्याच्याकडं!"

"वाटल्या. बंदी आली त्याच दिवशी मंदिरात जाऊन नियम घेतला. सगळ्यास्नी मिळंपातूर माझा नंबर शेवटचा. ज्येंच्याकडं कमी हुत्या त्येंच्या घरी पाठवून दिल्या आठ. दोन ठिवल्या, त्याच धुऊन धुऊन लावत हुता. आता त्यात काय ऱ्हायलंय?"

त्रिशला पलंगाच्या कडेवर बसली. मगदुमांच्या घरात नियम ही साधी गोष्ट नव्हती. आईनं एका चातुर्मासात गूळ सोडला तो मरेपर्यंत तोंडात घातला नव्हता. नियम घेतलेल्या माणसाला हात जोडून, रडून, शिव्या घालून काही उपयोग नसतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. म्हणूनच हा शहाणा गेले दहा दिवस 'कॅमेरा बिघडलाय' म्हणत होता!

हौसाक्का रडत रडत बोलतच होती. "त्या खंडेनवमीला कसा उभा हुता गं, पैलवानागत. कालच माझ्या लेकीनं त्यो व्हिडिओ काढून दावला. कांडीला हार घातलाय, आख्खी गल्ली गोळा झालीया, आन् ह्यो सगळ्यास्नी पेढं वाटतोय..."

"थांबा," त्रिशला म्हणाली. "कुठल्या कांडीला हार?"

"आपल्या. तू बेंगळुरात हुतीस न्हवं का तवा. पयली कांडी चालली, त्या साली."

"अक्का, तो व्हिडिओ कुणी काढला? कुठं टाकला?"

"लेकीनं. गल्लीच्या मंडळाच्या चॅनेलवर टाकला हुता त्याच सांजंला. हाय की अजून. का गं?"

त्रिशलानं मनात महिने मोजले. खंडेनवमी ऑक्टोबरातली. चिनी कंपनीचा अर्ज नोव्हेंबरातला. आणि तिचा स्वतःचा, फेब्रुवारीतला.

"दादाला फोन द्या," ती म्हणाली. "उठवा त्याला."

भरतेशचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा आला. दोन शब्दांमागं एक श्वास.

"खंडेनवमीला कांडी लोकांना दाखवलीस तू," त्रिशला म्हणाली. "अर्ज भरताना मी तुला विचारलं होतं, दादा. दोनदा विचारलं. कुणाला दाखवलीस का? तू नाही म्हणालास. मी शपथेवर सही केली."

"पूजा केली... दाखवलं कुठं? खंडेनवमीला आपण सगळी हत्यारं पुजतो. माग पुजतो, पाना-पकडी पुजतो. कांडीला तेवढं वगळायचं काय? पूजा म्हणजे प्रदर्शन न्हवं गं, त्रिशू."

"आणि पूजाही दाखवण्यातच मोडते, हे नंतर कळल्यावर?"

"कळलं." धाप टाकत तो पुढं बोलला. "तुझ्या तिथल्या वकिलीणबाईंनी तुला समजावलं तेव्हा मी फोनवर ऐकत होतो. जगाला आधी दाखवलेली गोष्ट मग कुणाच्याच मालकीची राहत नाही. त्यांचं पेटंट पडेल. आपलंही पडेल. म्हणून गप बसलो. तू चोरीचा खटला लढ. दोन वर्षं लागू देत. आपलं नाव राहिलं पाहिजे, अक्काचं नाव राहिलं पाहिजे. तुझी बारा वर्षं गेलीत त्यात."

"आणि तू?"

"मी नसलो की तुला घाई उरणार नाही."

त्रिशलाला इतका संताप आला की तिला रडूच फुटलं. "आणि बाकीच्या दोनशे दहांचं काय? सहा दिवसांनी त्यांच्या घरी काय पाठवू? सर्टिफिकेटाची झेरॉक्स?"

 दादाला हिशेब कळत नव्हता असं नाही, आजारानं त्याचं डोकं एकाच जागी अडकलं होतं. तो एवढंच म्हणाला, "व्हिडिओ लावलास तर माझं तोंड बघू नकोस."

फोन पुन्हा हौसाक्काच्या हातात गेला. त्रिशला तिला म्हणाली, "अक्का, व्हिडिओ लावला तर भिंतीवरची फ्रेम खोटी ठरेल. तुमचं नाव जाईल."

"मग काढून ठिवती," हौसाक्का म्हणाली. "माणूस मराय लागलंय आन् तू फ्रेमीचं काय घिऊन बसलीस?"

समोरच्यांचं पेटंट रद्द करण्याच्या अर्जाची सुनावणी दुपारी दीडला होती. तो अर्ज वकिलीणबाई गुओ मिन यांनी नुसता एक दाब म्हणून टाकून ठेवलेला. त्यात दम नाही हे त्याही जाणून होत्या. गुओ चार वर्षं पुण्यात शिकल्या होत्या, त्यामुळं त्यांचं मराठी त्रिशलापेक्षा शुद्ध. व्हिडिओ बघून त्यांनी चष्मा काढला.

"त्रिशलाताई, हे आपण दाखवलं तर त्यांचं पेटंट रद्द होण्याची शक्यता आहे. पण तुमचं भारतातलं, युरोपातलं, सगळीकडचं पेटंट त्याच क्षणी निरर्थक होईल. उद्यापासून कांडी कोणीही बनवेल. शिवाय शपथपत्र खोटं ठरेल, त्याची चौकशी होईल."

"होऊ दे."

"पुरावा उशिराचा आहे. तो स्वीकारायचा की नाही हे तज्ज्ञ मंडळाच्या मर्जीवर आहे. आणि एकदा दाखवला की परत घेता येत नाही."

"गुओबाई," त्रिशला म्हणाली, "माझा भाऊ तिकडं बसून झोपतोय. आडवा झाला की त्याला श्वास घेता येत नाही. तुम्ही अर्ज लिहा."

सुनावणीची खोली लहान होती, शाळेच्या वर्गाएवढी. समोर तीन तज्ज्ञांचं मंडळ, मधोमध पांढऱ्या केसांच्या अध्यक्षा. डावीकडं समोरच्या कंपनीचा तरुण वकील, आणि त्याच्या शेजारी कंपनीचा मालक, शू. साठीचा, किडकिडीत माणूस, स्वतः इंजिनिअर. त्या पेटंटवर त्याचंच नाव होतं. आठ महिन्यांत त्रिशलानं त्याच्याकडं एकदाही सरळ बघितलं नव्हतं. चोराकडं काय बघायचं?

रुग्णांच्या जिवाचा प्रश्न असेल तर निकाल त्याच दिवशी द्यायचा असा नियम अलीकडं आला होता. त्याच आधारावर अध्यक्षांनी पुरावा घेतला. चॅनेलच्या सर्व्हरवरून तारखेची खातरजमा व्हायला चाळीस मिनिटं लागली. तारीख पक्की निघाली. मग दिवे मंद झाले आणि बीजिंगच्या त्या भिंतीवर इचलकरंजीतला कारखाना उजळला.

माग पुसून लख्ख केलेले. पान्यांना, पकडींना हळदकुंकू. गल्लीतल्या बायका, माणसं, पोरं दाटीवाटीनं उभी. आणि मध्ये दादा. पांढरा शर्ट, भरलेले दंड, हसरा. त्रिशलानं डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले, कारण असा दादा पुन्हा बघायला मिळेल याचा तिला भरवसा नव्हता.

पाटावर कांडी होती. नळकांडं मुद्दाम उभं कापलेलं, आतलं दिसावं म्हणून. आणि त्यावर झेंडूचा हा एवढा जाडजूड हार.

समोरचा वकील उठला. आवाजात हसू होतं. गुओबाईंनी हळू आवाजात मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, आम्हाला फुलं दिसतात. गुंडाळी कुठे आहे?"

खरंच दिसत नव्हती. कापलेल्या भागावरच हार पडला होता. त्रिशला पुढं सरकून बघत राहिली. पडू दे की तो हार! कुणीतरी सरकवा! पण देवाला घातलेला हार कोण सरकवणार? सगळी पेटंटं, आठ महिने, दादाचा श्वास, सगळं त्या चार रुपयांच्या झेंडूखाली गुडूप झालं होतं.

व्हिडिओत आरती संपली. प्रसादाची पुडी हातात घेऊन एका बाईनं विचारलं, "अक्का, त्येच्यात येगळं काय केलंयसा तुमी?"

हौसाक्का खूश झाली. एवढ्या लोकांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं. तिनं साधी रिकामी कांडी घेतली, पांढऱ्या सुताचं टोक तोंडानं ओलं केलं आणि रहाटाजवळ बसली. "हिकडं बगा. एक लांब. दोन आखूड. आता उलटं. आन् दर फेऱ्याला बोटभर सराक. एक लांब. दोन आखूड. उलटं. बोटभर सराक."

भाषांतर करणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ओळी रिकाम्या येत होत्या. बोली ओळखता येत नाही, एवढंच ते सांगत होतं. गुओबाई उठून भाषांतर सांगू लागल्या तेव्हा समोरच्या वकिलानं हरकत घेतली: त्या एका पक्षाच्या वकील आहेत, त्यांचं भाषांतर कसं धरणार? आणि एक म्हातारी काहीतरी पुटपुटत दोरा गुंडाळते, यातून कुणाला काय कळणार?

 कायद्यातली कसोटी सोपी होती. दाखवलेलं बघून त्या धंद्यातल्या जाणकाराला ती वस्तू बनवता आली पाहिजे. अध्यक्षांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, आवाज बंद करून. नुसते हात.  मग त्या शूकडं वळल्या.

"शू साहेब, या खोलीत या कामातले सगळ्यात जाणकार तुम्हीच आहात. भाषा बाजूला ठेवा. हे हात बघून तुम्हाला ही कांडी भरता येईल का?"

 संपलं. हा माणूस 'नाही' म्हणेल, एवढा एक शब्द, आणि जिंकून घरी जाईल. चोर तो, दुसरं काय म्हणणार!

 शूचे हात टेबलावर होते. आणि त्रिशलाला दिसलं, ते हलत होते. उजवा हात लांब गेला, मग दोनदा आखूड, मग मनगट उलटं वळलं, आणि अंगठा बोटभर सरकला. त्याचं त्यालाही कळत नसावं. भिंतीवर हौसाक्काचे हात आणि टेबलावर त्याचे, एकाच ठेक्यात.

"हो," शू म्हणाला. "येईल."

त्याचा वकील ताडकन उठून काहीतरी बोलला. शूनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

साडेचारला निकाल आला. पेटंट रद्द.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात त्रिशला भिंतीला टेकून उभी होती. बंदी उठवायला कोर्टाचा हुकूम लागणार, त्याला तीन दिवस, मग बंदर, मग विमान. दादाकडं तेवढे दिवस नव्हते. ती बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होती आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं.

शू समोर येऊन उभा राहिला. बोलणं त्याचं, मराठी गुओबाईंचं.

"माझी आई रेशमाच्या गिरणीत रीळ भरायची. ती असंच मोजायची. एक लांब, दोन आखूड. मी तिच्याकडून घेतलं. तुमचा हा व्हिडिओ मी आज पहिल्यांदा बघितला."

 हजार कोसांवर दोन बाया, एकमेकींची भाषा माहीत नाही, आणि दोघींचे हात एकच गोष्ट शिकून बसलेले! तिला स्वतःची एकदमच लाज वाटली. "मी तुम्हाला चोर म्हणाले," ती म्हणाली.

"एकशे बारा वेळा. माझ्या वकिलानं कागदांत मोजलंय." तो हसला नाही. "माझ्याकडं तीस माणसं कामाला आहेत आणि हे एकच पेटंट होतं. म्हणून मी लढलो. आज 'नाही' म्हणता आलं असतं. पण आईचे हात ओळखत नाही, असं कसं म्हणू?"

मग त्यानं विचारलं, "त्या बाई आहेत अजून?"

"आहेत."

"माझी आई नाही," शू म्हणाला. आणि मग, "दावा मीच मागं घेतला तर कोर्टाच्या हुकमाची वाट बघावी लागत नाही. कागद कुठं आहे?"

गुओबाईंनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवूनच लिहिला. शूनं सही केली, खाली शिक्का मारला आणि निघून गेला. त्रिशलाला आभार मानायचं सुचेपर्यंत तो जिना उतरून गेलेला होता.

बंदरातला माल विमानानं यायला आणखी दोन दिवस लागणार होते. त्याच रात्री बंदर गाठून त्रिशलाला स्वतःबरोबर बॅगेतून चाळीस कांड्या नेता आल्या. विमानात ती बॅग तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. बाकीच्या रुग्णांकडं अजून पाच-पाच दिवसांच्या कांड्या होत्या, त्यांना माल वेळेत पोचणार होता. अडचण एकाच माणसाची होती, आणि तो माणूस नियम घेऊन स्वतःच वाटेत आडवा आला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना ती इचलकरंजीत घरी पोचली. भरतेश पलंगावर उशांच्या चळतीला टेकून बसला होता. चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला, ओठ करडे. ती आत आली तसं त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"लावलास," तो भिंतीला म्हणाला.

"लावला."

"अक्काचं नाव गेलं."

"जाऊ दे की रं," पलंगाशेजारी बसलेली हौसाक्का म्हणाली. "ती फ्रेम मी कवाच उतरवली. त्या जागी कॅलेंडर लावलंय."

त्यानं डोळे मिटले. त्रिशलानं बॅगेतली एक कांडी काढली, कमरेच्या यंत्रात बसवली आणि नळी त्याच्या मानेजवळ नेली. त्यानं हात वर केला. हातात बळ नव्हतं, पण तो आडवा आलाच.

"नियम आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना पोचल्या?"

"पोचल्या."

"आकडा सांग."

त्रिशलानं त्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं. या घरात कुणी दादाशी खोटं बोललं नव्हतं. शपथपत्रावर तिनं खोटं लिहून दिलं होतं, पण ते नकळत. त्यातून पेटंट मिळालं होतं, आणि खरं सांगितल्यावर ते गेलं होतं.

"दोनशे दहा," ती म्हणाली.

त्याचा विश्वास बसला नाही. लहानपणापासून तिच्या चेहऱ्यावरून तो तिच्या मनातलं ओळखत आला होता. त्यानं मान वळवली आणि चाळीस वर्षांत जिची मोजणी कधी चुकली नव्हती तिच्याकडं बघितलं.

"अक्का. मोजल्यासा तुम्ही?"

हौसाक्कानं पदरानं तोंड पुसलं.

"मोजल्या की," ती म्हणाली. "माज्या हातानं मोजल्या. दोनशे धा."

 भरतेशनं आडवा धरलेला हात खाली घेतला आणि मान एका बाजूला कलती केली. त्रिशलानं नळी जोडली. दुसऱ्या खेपेला ती बसली. पंप घरघरला. नळीतून लाल रेघ हळूहळू यंत्राकडं सरकू लागली, आणि कांडीत शिरलेलं पाणी सरळ वाट न सापडून धाग्याधाग्याला घासत फिरू लागलं.

पलंगाखाली बॅगेत एकोणचाळीस कांड्या होत्या. हौसाक्कानं पायानं ती बॅग आणखी आत सरकवली.